रोगांचे कुलवृत्तांत

महाराष्ट्रातील अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापून काढले आहेत. मूळ पुरुष कोण, तो कोकणातून घाटावर केव्हा आला, कोणाला इनाम मिळाले, कोणाचा मुलगा दत्तक गेला, हे सारे त्या ग्रंथांत मोठ्या निगुतीने नोंदलेले असते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही पिढ्यान्‌पिढ्यांची नावे सापडतात. परंतु एक गोष्ट या वंशावळींत शोधूनही सापडत नाही. ती म्हणजे घराण्यातील दुखणे. अमक्याचे हातपाय चाळिशीनंतर आपोआप हलू लागले, तमक्या बहिणीचे दोन मुलगे लहानशा जखमेतून रक्त न थांबल्यामुळे दगावले, असे कोणी लिहीत नाही. लिहिणार तरी कसे? घरात लग्नाच्या मुली असतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये नेमकी ही वगळलेली माहिती गोळा करण्याचा उद्योग सुरू झाला. सहसंबंधाच्या गणिताला आजचे रूप देणारे संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १९०९ साली ‘मानवी आनुवंशिकतेचे भांडार’ अशा अर्थाच्या नावाची एक ग्रंथमाला काढली. जगातील वैद्यकीय नियतकालिकांत विखुरलेल्या रोगी कुटुंबांच्या वंशावळी एकत्र आणावयाच्या, तपासावयाच्या आणि कोणत्याही वादग्रस्त उपपत्तीची भेसळ न करता छापावयाच्या, असा त्या मालेचा नियम होता. या मालेचा मोठा भाग पुढे एकाच व्यक्तीने लिहिला. ती व्यक्ती म्हणजे डॉ. ज्युलिया बेल. रोगाचे भाकीत गणिताने करता येईल काय, या प्रश्नाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला बेलबाईंच्या टेबलापाशी थांबावेच लागते.

बेलबाईंचा जन्म २८ जानेवारी १८७९ रोजी इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे झाला. वडील छापखानदार, चौदा भावंडांतील त्या दहाव्या. आनुवंशिकतेचा अभ्यास करणाऱ्याला एवढे मोठे घर म्हणजे बाळकडूच म्हणावयाचे. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात त्यांनी गणिताचा अभ्यास केला. परंतु केंब्रिज विद्यापीठ त्या काळी स्त्रियांना शिकू देई, परीक्षेला बसू देई, आणि पदवी मात्र देत नसे. हा निर्बंध तेथे १९४८ पर्यंत टिकला. कलकत्ता आणि मुंबई विद्यापीठांनी एकोणिसाव्या शतकातच स्त्रियांना पदवीधर केले होते, हे लक्षात घेतले म्हणजे राज्यकर्त्यांच्या विद्येपेक्षा त्यांच्या वसाहतींतील विद्या या एका बाबतीत पुढे होती असे म्हणावे लागते. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने १९०४ ते १९०७ या थोड्या काळात अशा विद्यार्थिनींना आपली पदवी देऊ केली. आगबोटीने समुद्र ओलांडून पदवी घेऊन येणाऱ्या या शेकडो स्त्रियांना ‘आगबोटीच्या बायका’ असे थट्टेचे नाव पडले होते. १९०७ साली बेलबाईंनीही तशीच पदवी मिळविली. मधली काही वर्षे केंब्रिजच्या वेधशाळेत सूर्याच्या अंतराची आकडेमोड करण्यात गेली. १९०८ साली त्या लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात पिअर्सन यांच्या साहाय्यक म्हणून आल्या आणि सूर्याचा नाद सोडून माणसाकडे वळल्या.

माणसाचे गणित निव्वळ गणिताने सुटत नाही, हे पिअर्सन यांनी ओळखले होते. वंशावळीत ‘अंध’ असा शब्द आला तर तो मोतीबिंदूने, काचबिंदूने की पडद्याच्या विकाराने, हे कळल्यावाचून बेरीज करणे म्हणजे आंबे आणि चिंचा एकाच टोपलीत मोजणे होय. म्हणून त्यांनी बेलबाईंना वैद्यकी शिकण्याचा सल्ला दिला. तेव्हा त्यांचे वय पस्तिशीच्या घरात होते आणि पहिले महायुद्ध सुरू होत होते. तरीही त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या, १९२० साली वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी डॉक्टर झाल्या, आणि आपल्या जुन्या टेबलापाशी परत आल्या. गणित आणि रुग्णालय या दोहोंची भाषा जाणणारे माणूस तेव्हा विरळा होते. आजही फार नाहीत. पुढील कारकीर्दीत प्राध्यापकपद त्यांच्या वाट्याला आले नाही. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नोकरीत त्या काम करीत राहिल्या. १९२२ पासून १९५८ पर्यंत डोळ्यांचे रोग, मज्जासंस्थेचे रोग, स्नायूंचे रोग, हातापायांच्या बोटांतील जन्मजात व्यंगे, असे एकामागून एक भाग त्यांच्या हातून बाहेर पडले.

या कामाचे स्वरूप बाहेरून पाहता कारकुनी वाटेल. एखाद्या जर्मन किंवा फ्रेंच नियतकालिकातील लेख मिळवावयाचा, त्यातील कुटुंबाचा तक्ता मांडावयाचा, रोगग्रस्त माणसाचे चिन्ह काळे करावयाचे, निरोगी माणसाचे कोरे ठेवावयाचे. कोण किती वर्षे जगला, कोणाला कोणत्या वयात रोग दिसला, हे लिहावयाचे. दोन डॉक्टरांनी एकच कुटुंब वेगवेगळ्या नावांनी छापले असेल तर ते हुडकून एकदाच मोजावयाचे. खरी मेख कोऱ्या चिन्हांत होती. एखादा माणूस निरोगी म्हणून नोंदला आहे. तो खरोखरच निरोगी होता, की रोग दिसण्याचे वय येण्यापूर्वीच मरण पावला? पहिला निष्कर्ष धरला तर एक उत्तर येते, दुसरा धरला तर वेगळे.

हंटिंग्टनच्या रोगाच्या बाबतीत हा प्रश्न अत्यंत तीव्र होतो. १८७२ साली जॉर्ज हंटिंग्टन या अमेरिकन डॉक्टरने वर्णन केलेला हा रोग तारुण्यात लपून असतो. माणूस शिकतो, लग्न करतो, त्याला मुले होतात. आणि मग हातपाय आपल्या मनाने हलू लागतात, बुद्धी आणि स्वभाव ढासळतो. आईला किंवा वडिलांना हा रोग असला तर प्रत्येक मुलाला तो येण्याचा संभव निम्मा. बेलबाईंनी १९३४ साली या रोगावरील भाग प्रसिद्ध केला. शेकडो रोग्यांच्या नोंदी तपासून त्यांनी रोग दिसू लागण्याचे सरासरी वय पस्तिशीच्या आसपास काढले, आणि कोणत्या वयापर्यंत किती जणांना तो गाठतो याची वाटणी मांडली.

या वाटणीचा उपयोग काय, हे एका सोप्या हिशेबाने कळेल. अशा रोग्यांची शंभर मुले आहेत अशी कल्पना करावी. पन्नासांकडे रोगाचे बीज आले आहे, पन्नासांकडे नाही; आणि कोणाकडे आले आहे हे कोणालाच ठाऊक नाही. आता ती सारी अशा वयाला पोचली की ज्या वयापर्यंत बीज असलेल्यांपैकी निम्म्यांना रोग दिसून चुकतो. म्हणजे पंचवीस जण आजारी झाले. उरले पंचाहत्तर, त्यांत बीज लपलेले पंचवीस. जो माणूस या वयापर्यंत धडधाकट राहिला, त्याचा धोका आता निम्मा राहिला नाही, एक तृतीयांशावर आला. वय वाढेल तसा तो आणखी उतरतो. विसाव्या वर्षी निम्मा, पुढे तिसरा हिस्सा, साठीला अगदी अल्प. दैवाच्या नावाने सोडलेल्या गोष्टीला येथे अंक मिळाला. परंतु या हिशेबाचा विरोधाभास असा की, तो सर्वांत अधिक दिलासा देतो तो ज्याची मुलेबाळे होऊन गेली त्याला. आणि ज्याला लग्न करावे की नाही हे ठरवावयाचे आहे, त्या विशीतील मुलाला तो जवळजवळ काहीच सांगत नाही.

ही अडचण कशी ओलांडता येईल याची वाट १९३७ साली दिसली. जे. बी. एस. हॉल्डेन आणि ज्युलिया बेल यांनी मिळून रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. विषय होता रंगांधत्व आणि हीमोफिलिया, म्हणजे रक्त न गोठण्याचा रोग. दोन्ही विकार मुख्यतः पुरुषांत दिसतात आणि आईकडून येतात, कारण दोहोंची जनुके एक्स या गुणसूत्रावर आहेत. स्त्रीजवळ अशी दोन गुणसूत्रे असतात, पुरुषाजवळ एकच. आईच्या शरीरात बीजांड तयार होताना ही दोन गुणसूत्रे आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात. दोन जनुके एकमेकांपासून दूर असली तर या अदलाबदलीत त्यांची ताटातूट वारंवार होते. शेजारी असली तर क्वचित. एकाच घरात हे दोन्ही विकार असणे दुर्मीळ. पण बेलबाईंच्या संग्रहवृत्तीने अशी मोजकी कुटुंबे मिळाली आणि हॉल्डेन यांच्या गणिताने उत्तर निघाले. ताटातूट शंभरात सुमारे पाच वेळा. माणसाच्या गुणसूत्रावरील दोन जनुकांमधले अंतर असे प्रथमच मोजले गेले. हीमोफिलियाचे दोन प्रकार असून त्यांतील एकच रंगांधत्वाच्या जनुकाजवळ राहतो, हे पुढे कळले आणि आकडा सुधारावा लागला. तत्त्वाला मात्र धक्का लागला नाही.

त्या निबंधाच्या शेवटी लेखकांनी एक विचार मांडला होता. हंटिंग्टनच्या रोगाच्या जनुकाशेजारी, समजा, रक्तगटाचे जनुक सापडले, तर रक्तगट पाहूनच एखाद्या मुलाला पुढे हा रोग होईल की नाही हे बहुतेक सांगता येईल, आणि त्याच्या विवाहाविषयी सल्लाही देता येईल. रोग दिसण्याच्या आधी, शेजाऱ्याच्या खुणेवरून त्याचा माग काढण्याची ही कल्पना म्हणजे आजच्या साऱ्या जनुकीय भाकितांचे मूळ होय. तिच्यातील ‘विवाहाविषयी सल्ला’ हे शब्द मात्र आज वाचताना अंगावर येतात, आणि त्याला कारण आहे.

बेलबाई ज्या प्रयोगशाळेत काम करीत, तिला फ्रान्सिस गॉल्टन यांचे नाव होते आणि ती सुप्रजननशास्त्रासाठी स्थापन झाली होती. ‘चांगल्या’ कुळांची वाढ व्हावी आणि ‘वाईट’ कुळांची खुंटावी, या मताचा पिअर्सन उघड पुरस्कार करीत. बेलबाईंचा हंटिंग्टनवरील भाग ज्या १९३४ साली निघाला, त्याच वर्षाच्या १ जानेवारीपासून जर्मनीत नाझी राजवटीचा सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा अमलात आला, आणि त्यातील रोगांच्या यादीत हंटिंग्टनच्या रोगाचे नाव होते. लंडनमधील तक्ते कोणाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर ओढण्यासाठी केलेले नव्हते हे खरे. पण घराण्याच्या दुखण्याची वही कोणाच्या हाती पडेल यावर ती औषध ठरते की फास, हेही तितकेच खरे. आणि ‘उपपत्तीची भेसळ नको’ हा ग्रंथमालेचा नियम या प्रश्नावर गप्पच बसतो. युनिव्हर्सिटी कॉलेजने २०२० साली गॉल्टन आणि पिअर्सन यांची नावे आपल्या सभागृहांवरून आणि इमारतीवरून उतरविली. तक्ते मात्र उतरविता येण्याजोगे नाहीत, कारण पुढचे शास्त्र त्यांच्यावरच उभे आहे.

हॉल्डेन १९५७ साली हिंदुस्थानात आले. महालनोबीस यांच्या कलकत्त्यातील भारतीय सांख्यिकी संस्थेत काही वर्षे काढून पुढे ते भुवनेश्वरला गेले, या देशाचे नागरिक झाले आणि १ डिसेंबर १९६४ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या प्रेरणेने आंध्रातील मामा-भाची आणि आते-मामे भावंडांच्या विवाहांचा शास्त्रीय अभ्यास येथील तरुणांनी सुरू केला. लंडनच्या वंशावळींतून निघालेला एक धागा असा गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत आला.

बेलबाई लंडनमध्येच राहिल्या. १९४३ साली त्यांनी आणि जे. पर्डन मार्टिन यांनी एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. दोन पिढ्यांत अकरा पुरुष मतिमंद. त्यांच्या आया मात्र धडधाकट. मतिमंदत्वही एक्स गुणसूत्रावरून येऊ शकते, हे या वंशावळीने दाखविले. १९४७ साली मायोटॉनिक डिस्ट्रॉफी या स्नायुरोगावरील भाग निघाला. या रोगात आवळलेली मूठ चटकन सुटत नाही, आणि स्नायू हळूहळू झिजतात. डॉक्टरांच्या एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली होती. आजोबांना उतारवयात नुसता मोतीबिंदू, मुलाला मध्यम वयात मुठीचा त्रास, आणि नातवाला बालपणीच दुर्बलता! रोग जणू पिढीगणिक लवकर येतो आणि जोराने येतो. बेलबाईंच्या तक्त्यांत आईबाप आणि मुले यांच्या रोगारंभाच्या वयांत वीस वर्षांहून अधिक अंतर दिसत होते.

हेच तक्ते घेऊन त्यांच्याच प्रयोगशाळेचे प्रमुख लायोनेल पेनरोझ यांनी १९४८ साली असे प्रतिपादन केले की, हा सारा मोजणीचा भास आहे. त्यांचा युक्तिवाद संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने आजही अभ्यासावा इतका देखणा आहे. ज्याला बालपणीच जबर रोग झाला त्याला मुले होत नाहीत. म्हणून आईबापांच्या रकान्यात उशिरा रोग झालेलेच शिरतात. उलट मुलांच्या रकान्यात लवकर आजारी पडलेली मुले अधिक येतात, कारण त्यांच्यामुळेच ते कुटुंब डॉक्टरच्या नजरेस पडते. चाळणीच अशी की, वर म्हातारे आणि खाली लहान उरावेत. शिवाय तेव्हाच्या समजुतीप्रमाणे जनुक हा स्थिर. तो पिढीगणिक चिघळेल कसा? पेनरोझ यांच्या अधिकाराने विषय मिटला. पुढील चार दशके रोगाची ही पिढीगणिक चढण पाठ्यपुस्तकांत भ्रम म्हणूनच गणली गेली.

१९८९ साली नेदरलँड्समधील होवेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुटुंबे नव्याने निवडून, ही चाळणीची चूक टाळून मोजणी केली, तेव्हा चढण खरी ठरली. १९९२ साली तिचे कारणही सापडले. या रोगाच्या जनुकातील मजकुरात तीन अक्षरांचा एक शब्द ओळीने पुन्हा पुन्हा येतो. पोथी नकलून काढणारा लेखकू एकच शब्द वीस-पंचवीस वेळा लागोपाठ आला की मोजणी चुकतो, तशीच चूक निसर्गाचीही होते. निरोगी माणसात ही आवर्तने पस्तिसाच्या आत असतात. ती पन्नासावर गेली की रोग, आणि पुढील पिढीत शेकडो किंवा हजारांवर गेली की बालपणीच जबर रोग. म्हणजे जनुक पिढीगणिक खरोखरच चिघळत होता. पेनरोझ यांनी चाळणीचा दोष बरोबर दाखविला, आणि चाळणीत सोनेही होते हे मात्र त्यांच्या नजरेतून सुटले.

याहून नवलाची गोष्ट अशी की, मार्टिन आणि बेल यांच्या १९४३ मधील कुटुंबाचा रोगही याच जातीचा निघाला. १९८१ मध्ये त्या घराण्याची फेरतपासणी झाली आणि त्याच्या एक्स गुणसूत्रावर भंगुर खूण दिसली. त्यामागचे जनुक १९९१ साली सापडले. तेथेही तीन अक्षरी शब्दाचीच वाढ, दोनशेच्या वर. हंटिंग्टनच्या रोगाची खूण १९८३ साली चौथ्या गुणसूत्रावर सापडली. व्हेनेझुएलातील माराकायबो सरोवराकाठच्या रोगग्रस्त घराण्याची नॅन्सी वेक्स्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळा केलेली प्रचंड वंशावळ तिच्यामागे उभी होती. १९३७ चा विचार शेहेचाळीस वर्षांनी खरा झाला. रक्तगटाच्या जागी डीएनएचा एक तुकडा आला एवढेच. प्रत्यक्ष जनुक १९९३ मध्ये हाती लागले: आवर्तने पस्तीस किंवा कमी असली तर रोग नाही, चाळीस वा अधिक असली आणि माणूस पुरेसा जगला तर रोग अटळ. बेलबाईंनी निरनिराळ्या ठिकाणी नोंदविलेल्या तीन व्याधी एकाच प्रकारच्या चुकीची तीन रूपे होती.

त्यांना स्वतःला यातील फारसे पाहावयास मिळाले नाही. १९५९ साली, ऐंशीव्या वर्षी, गरोदरपणातील जर्मन गोवरावर त्यांनी निबंध प्रसिद्ध केला. शहाऐंशीव्या वर्षी, १९६५ मध्ये, त्या निवृत्त झाल्या. आणि २६ एप्रिल १९७९ रोजी वयाची शंभरी पुरी करून निवर्तल्या.

आज भाकिताचा व्यवहार फार विस्तारला आहे. मधुमेह, हृदयविकार यांसारख्या रोगांमागे एक जनुक नसून हजारो लहान खुणा असतात. त्यांची बेरीज करून माणसाच्या जोखमीचा एक गुणांक काढतात. ब्रिटनमधील पाच लाख स्वयंसेवकांच्या संग्रहासारख्या भांडारांतून हे गुणांक तयार होतात. त्यांतील बहुतेक लोक युरोपीय वंशाचे. म्हणून तेच गुणांक भारतीयाला लावले तर उत्तर कमी भरवशाचे येते. पेनरोझ यांची चाळणी येथे पुन्हा आडवी येते. दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांचा संग्रह जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुला झाला, तो ही उणीव थोडी भरून काढील.

हंटिंग्टनच्या रोगाचे भाकीत मात्र गुणांकाचे नाही. ते जवळजवळ निर्णायक आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही चाचणी उपलब्ध होऊ लागली. त्यापूर्वी अशा घरांतील लोकांना विचारले असता बहुसंख्यांनी आपण ती करून घेऊ असे सांगितले होते. प्रत्यक्षात पाचांत एकानेही ती करून घेतली नाही. रोगावर रामबाण उपाय नसताना चाळिशीचे भविष्य विशीत ऐकण्यापेक्षा निम्म्या शंकेबरोबर जगणे बहुतेकांनी पत्करले. १९९४ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे अज्ञान मुलांची ही चाचणी करावयाची नाही, नातेवाईक किंवा मालक यांनी दडपण आणावयाचे नाही. आणि रक्त दिल्यानंतरही, पाकीट तयार असतानाही, निकाल न ऐकता परत जाण्याची त्या माणसाला मुभा आहे.